कापडाच्या पेढीवरून राज्याच्या तिजोरीपर्यंत : लायनेल क्रॅनफिल्ड



इंग्लंडचा इतिहास शिकवताना आपण राजे, लढाया आणि संसद एवढं सांगतो. पण राज्य चालतं पैशावर, आणि त्या पैशाचा हिशेब ठेवणारी माणसं पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतात. आज अशाच एका माणसाची ओळख करून घेऊ. त्याचं नाव लायनेल क्रॅनफिल्ड. लंडनमध्ये कापडाच्या धंद्यात उमेदवारी करणारा हा मुलगा पुढे राज्याचा खजिनदार झाला, उमराव झाला, आणि खजिनदार झाल्यावर तीन वर्षांच्या आतच लाचखोरीच्या आरोपाखाली तुरुंगातही गेला.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुलं एकच प्रश्न विचारतात. हा माणूस चांगला होता की वाईट? त्याचं उत्तर लगेच द्यायची घाई करू नका. आधी त्याचं आयुष्य क्रमाने पाहू या.

जन्म आणि उमेदवारी

लायनेलचा जन्म 1575 साली लंडनमध्ये झाला. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राणी एलिझाबेथ होती. वडील थॉमस क्रॅनफिल्ड कापडाचे व्यापारी. त्यांचं घर बॅसिंगहॉल स्ट्रीटच्या परिसरात होतं. याच रस्त्यावर ब्लॅकवेल हॉल नावाचा लंडनचा मोठा कापडबाजार भरायचा. गावोगावच्या विणकरांचं लोकरी कापड इथे विकायला यायचं. म्हणजे कापडाचे गठ्ठे, मोजमाप आणि घासाघीस हे सगळं या मुलाने लहानपणापासून बघितलं.

त्या काळी लंडनमध्ये व्यापारी व्हायचं तर विद्यापीठात जावं लागत नसे. एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याकडे अनेक वर्षं उमेदवारी करावी लागे. उमेदवार मालकाच्या घरीच राहायचा, सांगितलेलं काम करायचा आणि हळूहळू धंदा शिकायचा. लायनेल साधारण पंधराव्या वर्षी रिचर्ड शेपर्ड नावाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवार म्हणून लागला. कापडाचा पोत हाताने कसा ओळखायचा, हुंडी कशी लिहायची, उधारी किती द्यायची आणि कुणाला द्यायची नाही, हे तो तिथे शिकला. मालकाचा विश्वास इतका बसला की पुढे शेपर्डची मुलगी एलिझाबेथ हिच्याशीच 1599 मध्ये त्याचं लग्न झालं.

कापडाचा धंदा

उमेदवारी संपल्यावर लायनेल लंडनच्या कापडव्यापाऱ्यांच्या जुन्या आणि मानाच्या संघटनेचा, म्हणजे मर्सर्स कंपनीचा सभासद झाला. आता तो स्वतःच्या नावावर व्यापार करू लागला.

त्या काळी लोकरी कापड ही इंग्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती. लायनेल कर्सी नावाचं जाडंभरडं लोकरी कापड जर्मनी आणि नेदरलँड्सकडे पाठवायचा. तिकडून मखमल, तलम रेशीम आणि इतर भारी कापड मागवून लंडनमध्ये विकायचा. परदेशातल्या बंदरात त्याचे अडत्ये असायचे. त्यांच्याशी झालेला त्याचा पत्रव्यवहार आजही शिल्लक आहे. मालाचा दर्जा, भाव, येणं आणि देणं यांनी ही पत्रं भरलेली आहेत. पैसा कुठे अडकला आहे आणि कशामुळे अडकला आहे, याकडे त्याचं कायम लक्ष असे. ही सवय त्याला आयुष्यभर पुरली.

जकातीचा मक्ता

1603 मध्ये एलिझाबेथ राणी वारली आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. (याच जेम्सने पुढे सर थॉमस रो याला जहांगीर बादशहाच्या दरबारात वकील म्हणून पाठवलं.) जेम्स हुशार होता, पण हात फार सैल. दरबारातल्या आवडत्या माणसांना तो जमिनी, पेन्शनी आणि बक्षिसं वाटत सुटायचा. तिजोरी रिकामी होत चालली होती.

राजाला रोख पैसा हवा असायचा म्हणून जकातीची वसुली मक्त्याने दिली जाई. व्यापाऱ्यांचा एक गट राजाला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायचा आणि बंदरावर येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची जकात स्वतः गोळा करायचा. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त जमलं तर तो नफा मक्तेदारांचा. लायनेलने अशा मक्त्यांमध्ये भाग घेतला. आर्थर इंग्रॅम नावाच्या चलाख भागीदाराबरोबर त्याने राजाच्या जमिनींचे सौदेही केले. थोडक्यात, राजाच्या अडचणीतून नफा काढणाऱ्या लोकांपैकी तोही एक होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरते.

या काळात लंडनमधल्या विद्वान आणि हजरजबाबी मंडळींतही त्याची ऊठबस होती. मायटर नावाच्या खानावळीत जमणाऱ्या एका मैफलीची नावं नोंदलेली आहेत. त्यात कवी जॉन डन आहे, वास्तुकार इनिगो जोन्स आहे, आणि लायनेल व इंग्रॅमही आहेत. त्याच मैफलीतला थॉमस कोर्याट नावाचा भटक्या पुढे पायी प्रवास करत अजमेरला पोहोचला आणि 1617 मध्ये सुरतेला वारला. जग तेव्हाही वाटतं तेवढं दूरदूर नव्हतं, बरं का!

मक्तेदार राजाच्या बाजूला येतो

लायनेलची हुशारी नॉर्थॅम्प्टनच्या अर्लच्या, म्हणजे राजाच्या एका ज्येष्ठ मंत्र्याच्या नजरेत भरली. जकातीत राजा किती पैसा गमावतो हे मक्तेदाराइतकं कुणाला ठाऊक असणार? 1613 मध्ये राजाने लायनेलला सर ही पदवी दिली आणि जकातीवर देखरेख करणारा मुख्य अधिकारी नेमलं. काल ज्या बाजूने तो घासाघीस करत होता, आज तो त्याच्या समोरच्या बाजूला जाऊन बसला.

देशातून किती माल बाहेर जातो आणि किती आत येतो, यांचा ताळा घालून देशाचा फायदा-तोटा मोजायचा, असा प्रयत्न इंग्लंडमध्ये सुरुवातीला करणाऱ्यांत त्याचं नाव येतं. आज आपण वर्तमानपत्रात आयात-निर्यातीचे आकडे सहज वाचतो. त्या काळी तसा हिशेब मांडणं हेच नवीन होतं. दुकानदार जमाखर्चाची वही लिहितो, तशी वही त्याने देशासाठी मांडायला घेतली.

1614 मध्ये तो हाइथ या गावातर्फे संसदेत निवडून आला. ती संसद दोन-अडीच महिन्यांतच एकही कायदा न करता बरखास्त झाली. पण लायनेलचा राजकारणातला प्रवास सुरू झाला.

राजवाड्यातला खर्च

1618 च्या सुमारास राजावर जवळजवळ 9 लाख पौंडांचं कर्ज होतं. आता काटकसर केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हे काम लायनेलकडे आलं.

त्याने राजवाड्यातल्या एकेका खात्याचा खर्च तपासायला घेतला. स्वयंपाकघरात किती मांस येतं, कुणाच्या पंगतीला किती ताटं जातात, न जेवणाऱ्यांच्या नावावर किती खर्च पडतो, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. आरमाराच्या खात्यातही तसंच झालं. तिथला वार्षिक खर्च खूप खाली आणला आणि तरीही दरवर्षी दोन नवी जहाजं बांधायची योजना सुरू झाली.

पण त्याचं खरं कौशल्य दिसलं ते ग्रेट वॉर्डरोब या खात्यात. राजघराण्याचे कपडे, पडदे, गालिचे, नोकरांचे गणवेश हे सगळं या खात्यातून यायचं. 1618 मध्ये लायनेल या खात्याचा प्रमुख झाला. म्हणजे कापडवाल्याच्या हाती राजाची कापडखरेदी आली!

त्याला एक गोष्ट लगेच कळली. राजाला कापड बाजारभावापेक्षा कितीतरी महाग पडत होतं. कारण साधं होतं. राजा पैसे वेळेवर द्यायचा नाही. वर्ष-वर्ष बिलं थकायची. मग व्यापारी व्याज आणि जोखीम धरून आधीच भाव चढवून लावायचे, आणि मधल्या अधिकाऱ्यांचे हातही ओले व्हायचे. लायनेलला हे कुणी सांगायची गरज नव्हती. तो स्वतःच व्यापारी होता. त्याने रोखीने खरेदी करायला सुरुवात केली, भाव पाडून घेतले, आणि खर्च झपाट्याने खाली आला.

आता यातली दुसरी बाजू पाहा. खात्यासाठी वर्षाला 20 हजार पौंड अशी रक्कम ठरली होती. राजाशी झालेल्या बोलीनुसार त्यातून जे वाचेल ते लायनेलचं. म्हणजे राजाचा खर्च कमी झाला हे खरं, आणि लायनेलची थैली भरली हेही खरं. राजाला हे माहीत होतं आणि मान्यही होतं. व्यापाराच्या रीतीने पाहिलं तर हा चोख सौदा होता. पण पैसा जनतेच्या तिजोरीतला होता, आणि त्याचा सविस्तर हिशेब लायनेलने दाखवला नाही.

शिखर

पुढच्या काही वर्षांत पदांवर पदं आली. 1619 मध्ये तो पोरक्या वारसांच्या मालमत्तेचं काम पाहणाऱ्या न्यायालयाचा प्रमुख झाला. 1620 मध्ये राजाच्या सल्लागार मंडळात गेला. पहिली पत्नी वारली होती. 1621 मध्ये त्याने अ‍ॅन ब्रेट हिच्याशी दुसरं लग्न केलं. अ‍ॅन ही राजाचा सर्वांत लाडका सरदार बकिंगहॅम याच्या नात्यातली. हे लग्न म्हणजे दरबारात टिकून राहण्यासाठी दिलेली किंमतच होती.

त्याच 1621 मध्ये संसद भरली. लोक चिडलेले होते. खानावळींच्या परवान्यासारख्या गोष्टींची मक्तेदारी राजाच्या मर्जीतल्या लोकांना दिली होती आणि ते सामान्यांना लुबाडत होते. संसदेने एक जुनं हत्यार बाहेर काढलं, ते म्हणजे महाभियोग. कनिष्ठ सभागृहाने आरोप ठेवायचे आणि उमरावांच्या सभागृहाने न्याय करायचा. हे हत्यार दीडशेहून अधिक वर्षं वापरलं गेलं नव्हतं. त्याचा सर्वांत मोठा बळी ठरला फ्रान्सिस बेकन. तोच प्रसिद्ध विचारवंत, जो तेव्हा राज्याचा सर्वोच्च न्यायाधिकारी होता. लाच घेतल्याबद्दल त्याला 40 हजार पौंडांचा दंड झाला आणि पद गेलं. बेकनच्या न्यायालयातल्या गैरकारभारावर संसदेत टीका करणाऱ्यांत लायनेल पुढे होता.

त्याच वर्षी लायनेल राज्याचा मुख्य खजिनदार, म्हणजे लॉर्ड ट्रेझरर झाला. 1622 मध्ये त्याला मिडलसेक्सचा अर्ल ही मोठी सरदारकी मिळाली. चेल्सी इथे थॉमस मोर यांचं जुनं घर त्याने आधीच विकत घेतलं होतं. त्यासाठी इनिगो जोन्सने एक सुंदर दगडी कमान बांधली. एकेकाळच्या उमेदवाराचं हे वैभव पाहून जुने सरदार मनातून जळत असणार, यात नवल नाही.

नाही म्हणणारा खजिनदार

खजिनदार झाल्यावर लायनेलने सर्वांत अवघड काम हातात घेतलं. राजाच्या बक्षिसांना लगाम घालायचा. पेन्शनी रोखून धरल्या. नवी देणगी देण्याआधी खजिनदाराला विचारलं जावं, हे राजाकडून कबूल करून घेतलं. दरबारी लोक पैसे मागायला यायचे आणि हात हलवत परत जायचे.

घरात काटकसर करणाऱ्या माणसाबद्दल बाकीचे काय बोलतात, हे आपल्याला माहीत आहेच. इथे तर अख्खा दरबार होता. त्यातून लायनेलची जीभ तिखट होती. नकार गोड बोलून द्यायची कला त्याला जमली नाही. शिवाय, आम्हाला उपदेश करणारा हा स्वतः मात्र श्रीमंत होतोय, हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून त्याच्या बाजूने बोलायला कुणी उरलं नाही.

1623 मध्ये युवराज चार्ल्स आणि बकिंगहॅम स्पेनच्या राजकन्येला मागणी घालायला माद्रिदला गेले. त्या स्वारीचा भरमसाट खर्च लायनेलला उभा करावा लागला. सोयरीक जमली नाही. दोघं चिडून परत आले आणि स्पेनविरुद्ध युद्ध हवं म्हणू लागले. लायनेलने विरोध केला. तिजोरीत पैसा नाही, युद्ध परवडणार नाही, हे त्याला आकड्यांतून स्पष्ट दिसत होतं. त्यात भर म्हणजे त्याचा मेव्हणा आर्थर ब्रेट याला राजाच्या मर्जीत पुढे आणून बकिंगहॅमची जागा घ्यायचा घाट घातला जातोय, असा संशय पसरला. बकिंगहॅमला एवढं पुरेसं होतं.

महाभियोग

1624 च्या संसदेत लायनेलवर महाभियोग आला. तीन वर्षांपूर्वी बेकनवर चाललेलं हत्यार आता त्याच्यावर फिरलं. आरोप मांडणाऱ्यांत बेकनच्या वेळी पुढे असलेले कायदेपंडित एडवर्ड कोक हेच होते.

आरोप अनेक होते. जकातीच्या मक्तेदारांकडून प्रत्येकी 500 पौंडांच्या दोन लाचा घेतल्या, वॉर्डरोब खात्याचा हिशेब ठेवला नाही आणि पैसा स्वतःकडे वळवला, पोरक्या वारसांच्या न्यायालयात आणि तोफखान्याच्या खात्यात गैरकारभार केला, असे ते आरोप. लाचेबद्दल लायनेलचं उत्तर होतं की ती रक्कम मक्त्यातल्या आपल्या हिश्शाची किंमत होती. उमरावांना ते पटलं नाही.

राजा जेम्सला त्याचा खजिनदार जावा असं वाटत नव्हतं. राज्यासाठी नीट काम करणारा कुठलाही खजिनदार लोकांना नकोसाच होतो, असं त्याने उमरावांना सांगून पाहिलं. आपल्या मुलाला आणि बकिंगहॅमलाही त्याने खासगीत सावध केलं होतं, असं सांगतात. मंत्र्यांना संसदेकडून झोडपायची सवय लावाल तर उद्या तोच चाबूक तुमच्या पाठीवर येईल, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पण दोघांनी ऐकलं नाही.

13 मे 1624 रोजी निकाल लागला. सगळी पदं गेली. पुन्हा सरकारी पद मिळणार नाही, संसदेत बसता येणार नाही, दरबाराच्या जवळपास फिरकायचं नाही. 50 हजार पौंड दंड. आणि राजाची मर्जी असेपर्यंत टॉवर ऑफ लंडनमध्ये कैद.

नंतरचं आयुष्य

कैद फार दिवस टिकली नाही. काही दिवसांतच त्याची सुटका झाली आणि दंडही बराच कमी केला गेला. पण मान गेला तो गेलाच. 1625 मध्ये जेम्स वारला आणि चार्ल्स राजा झाला. लायनेलला चेल्सीचं घर सोडावं लागलं, आणि ते पुढे मिळालं कुणाला? बकिंगहॅमला!

जेम्सचा इशारा मात्र लवकर खरा ठरला. 1626 मध्ये संसदेने बकिंगहॅमवरच महाभियोग आणला. त्याला वाचवण्यासाठी चार्ल्सला संसद बरखास्त करावी लागली. 1628 मध्ये बकिंगहॅमचा खून झाला. पैशावरून राजा आणि संसद यांचं भांडण वाढत गेलं आणि 1642 मध्ये यादवी युद्ध पेटलं.

लायनेल हे सगळं एसेक्समधल्या कॉप्ट हॉल या आपल्या घरून पाहत राहिला. 1640 मध्ये उमरावांच्या सभागृहातली त्याची जागा त्याला परत मिळाली, पण तेव्हा तो थकला होता. युद्ध ऐन भरात असताना, 6 ऑगस्ट 1645 रोजी तो वारला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्याची आणि अ‍ॅनची समाधी आहे. चेल्सीचं घर आता राहिलेलं नाही. पण ती दगडी कमान पुढे चिझिक इथल्या बागेत हलवली गेली आणि ती आजही तिथे उभी आहे.

मग चांगला की वाईट?

इतिहासकारही या प्रश्नावर एकमताचे नाहीत. कोलकात्यात जन्मलेले इंग्रज इतिहासकार आर. एच. टॉनी यांनी 1958 मध्ये लायनेलवर मोठा ग्रंथ लिहिला. राज्याचा कारभार सुधारू पाहणारा कर्तबगार मंत्री म्हणून ते त्याच्याकडे बऱ्याच सहानुभूतीने पाहतात. नंतर मेना प्रेस्टविच यांनी त्याने मिळवलेल्या नफ्याची जास्त कडक तपासणी केली.

मला स्वतःला असं वाटतं. त्याला बेकायदा म्हणून पकडलेल्या अनेक गोष्टी त्या काळी सगळेच करत होते, आणि ज्यांनी त्याला पाडलं ते काही प्रामाणिकपणासाठी लढत नव्हते. हे मुलांना सांगायलाच हवं. पण बकिंगहॅमच्या हाती हत्यार दिलं ते लायनेलनेच. दुसऱ्याच्या खात्यातली एकेक पै तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या खात्याचा हिशेब उघडा ठेवला असता, तर वॉर्डरोबचा आरोप उभाच राहिला नसता. दुकानात मालक आणि तिजोरी एकच असते. राज्यात तसं नसतं. एवढा फरक त्या हुशार माणसाने पाळला नाही.

शाळेच्या सहलीचे पैसे असोत की गणेशोत्सवाची वर्गणी, मुलांच्या हाती हिशेब देताना मी आता एक वही देतो आणि ती वर्गात खुंटीला टांगून ठेवायला सांगतो. कुणीही उघडून बघावी.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

1. राजाला कापड महाग का पडत होतं? तुमच्या गावातल्या उधारीच्या दुकानाशी तुलना करून सांगा.
2. राजाची परवानगी होती, तरी वॉर्डरोब खात्यात वाचलेला पैसा लायनेलने घेणं योग्य होतं का? दोन्ही बाजूंनी बोला.
3. बेकन आणि लायनेल या दोघांवर एकच हत्यार चाललं. दोन्ही वेळा कारणं सारखीच होती का?
4. तुम्ही खजिनदार असता तर बकिंगहॅमला नाही कसं म्हटलं असतं?

चौथ्या प्रश्नावर मुलांना छोटं नाट्य बसवायला सांगा. एक जण पैसे मागायला येणार, दुसरा नकार देणार. नकार देणं किती कठीण असतं, ते त्यांना उभं राहिल्यावर कळेल.